गरीब घोडा, थोर मास्तर



शांत जनावराला ‘गरीब’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. “घोडा गरीब आहे, पोराला बसवा खुशाल,” असे आपण सहज म्हणून जातो. आज या गरीब घोड्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव वर्तमानपत्रात येते, लढाईतल्या घोड्याचे पोवाड्यात येते. पण ज्याच्या पाठीवर शेकडो माणसे आयुष्यात पहिल्यांदा बसली, घाबरली, सावरली आणि शेवटी स्वार झाली, त्या घोड्याचे नाव कोणी विचारीत नाही.

शेतकरी बंधूंना हा प्रकार अगदीच नवा नाही. नवा गोऱ्हा औताला धरायचा झाला, की आपण त्याला जाणत्या बैलाबरोबर जुंपतो. जुना बैल तास सोडीत नाही आणि त्याच्या जोडीने गोऱ्हाही वळणावर येतो. मात्र तेथे जनावर जनावराला शिकवते. येथे जनावर माणसाला शिकवते, आणि तेही माणूस पाठीवर बसून चुका करीत असताना!

हे किती अवघड आहे ते पाहा. घोडा हा गवत खाणारा आणि धोका दिसताच पळणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. रानात त्याच्या पाठीवर झेप घेणारा जीव म्हणजे शत्रूच. त्याच पाठीवर तो आपल्याला बसू देतो. त्याचे अंगही भारी हळवे बरं का! माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवून तो तिला उडवतो. मग आपल्या टाचेचा धक्का त्याला कळत नसेल का?

नवशिक्याची गंमत अशी, की तोल गेला की तो टाचा आवळतो आणि लगाम ओढतो. टाच सांगते ‘चल’ आणि लगाम सांगतो ‘थांब’. कोवळे शिंगरू असते तर गोंधळून उधळले असते. जाणता घोडा मात्र खरा हुकूम कोणता आणि घाबरलेल्या माणसाची धडपड कोणती, हे ओळखायला शिकलेला असतो. स्वार एका बाजूला कलला की असे कितीतरी घोडे आपणहून चाल मंद करतात.

पहिला धडा साध्या चालीचा. तिच्यात चारही पाय एकामागून एक पडतात, त्यामुळे बसणे सोपे. दुडकीत उजवा पुढचा व डावा मागचा पाय एकदम पडतो, मग डावा पुढचा व उजवा मागचा. ‘टप टप, टप टप’ असे दोन ठेके, आणि नवशिका खोगिरावर आदळतो. ठेक्याबरोबर उठबस करायला जमले, की मांड बसू लागते. हा ठेका फळ्यावर लिहून येत नाही. घोडाच तो पाठीने शिकवतो.

असा घोडा मारून तयार होत नाही. लगाम किंचित ओढायचा, आणि घोडा थांबला की त्याच क्षणी सैल सोडायचा. हे सैल सोडणे हीच त्याची शाबासकी. ती उशिरा मिळाली तर आपले काय बरोबर आले हेच त्याला कळत नाही. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने २,३०० वर्षांहून अधिक काळापूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, असे त्याने त्यात बजावले आहे. गुरुजनांनो, वर्गातही हे खोटे नाही ना?

आता या शिकवणीची किंमत कोण देतो ते ऐका. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदातांची नाजूक हिरडी असते. लगामाचे कडियाळे, म्हणजे तोंडातली लोखंडी दांडी, तेथे टेकते. नवशिक्याचा प्रत्येक हिसका तेथे बसतो. खोगीर नीट बसले नाही तर पाठ सोलते. म्हणून शांत असणे वेगळे आणि मुकाट सोसणे वेगळे, हे ओळखले पाहिजे. खोगीर दिसताच घोडा कान मागे पाडतो, तंग आवळताना चावायला धावतो, चंदी टाकून देतो. तेव्हा तो खोडसाळ झाला असे समजू नका. आधी त्याची पाठ आणि तोंड पाहा.

माथेरानला खासगी मोटारींना बंदी आहे, आणि तेथे कितीतरी मुले पहिल्यांदा घोड्यावर बसतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भावी अधिकारी घोडेस्वारी शिकतात. सहलीचे पोर असो की उद्याचा सेनाधिकारी, पथ्ये तीच. घोड्याजवळ मागून जाऊ नये. डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जावे. पाठीवर धप्पकन बसू नये. तोल गेला तर लगामाला लोंबकळू नये, आयाळ धरावी. स्वार व खोगीर यांचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो पुष्कळ झाले. उतरल्यावर तंग सैल करावा, पाणी दाखवावे. आणि आयाळ संपते तेथे, खांद्याच्या उंचवट्यावर जरा खाजवावे. घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात. आपल्या आभाराची ही भाषा त्याला कळते.

शेवटची गोष्ट. नीट सांभाळला तर घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. म्हातारपणी दाढा झिजतात, कडबा चावत नाही, भिजवलेली मऊ चंदी लागते. अशा वेळी ‘आता याचा उपयोग काय?’ असा प्रश्न निघतो आणि दावणीचा घोडा बाजाराची वाट धरतो. तो प्रश्न तोंडातून निघण्यापूर्वी एवढे आठवा, की आपल्याला काहीच येत नव्हते तेव्हा त्याने आपल्याविषयी हा प्रश्न विचारला नव्हता.