एका बोटाचे अंतर

गेल्या वर्षीच्या आंतर-हाऊस जलतरण स्पर्धेत मुलींच्या ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मी चौथी आले. तिसरी आलेली कॅडेट आणि मी, आम्हा दोघींच्या स्टॉपवॉचवर एकच वेळ होती. भिंतीजवळ उभ्या असलेल्या पंचांनी डोळ्यांनी जे पाहिले त्यावर निर्णय दिला आणि आमच्या हाऊसचे गुण गेले. पुढचे दोन दिवस मेसमध्ये मी हेच सगळ्यांना ऐकवत होते. तिसऱ्या दिवशी जलतरणाच्या सरांनी मला थांबवून हिंदीत एकच प्रश्न विचारला. शेवटी हात मारलास, की सरकत गेलीस?

मी सरकत गेले होते.

त्या रविवारी सरांनी संगणक कक्षात मला टोकियो ऑलिंपिकमधील महिलांची १०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत दाखवली. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला नुसता पाण्याचा फेस दिसला. चौथ्या वेळी जे दिसले आणि नंतर वाचून जे कळले, ते इथे लिहीत आहे. आपल्या शाळेचा तलाव २५ मीटरचा आहे, ऑलिंपिकचा ५० मीटरचा. त्यामुळे आपली ५० मीटरची शर्यत आणि त्यांची १०० मीटरची शर्यत यांचा साचा एकच आहे. एक सूर, एक वळण आणि शेवटी भिंत.

ती शर्यत २६ जुलै २०२१ रोजी झाली. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. विश्वविक्रम तेव्हा स्वीडनच्या सारा स्योस्ट्रोमच्या नावावर होता. २०१६ मध्ये रिओला तिने ५५.४८ सेकंदांची वेळ दिली होती. पण टोकियोच्या वर्षीच फेब्रुवारीत बर्फावरून घसरून तिचे कोपर मोडले होते, आणि या अंतिम शर्यतीत ती सातवी आली. चीनची झांग युफेई, ऑस्ट्रेलियाची एमा मॅककिऑन आणि अमेरिकेची अठरा वर्षांची टोरी हस्की यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष होते. कॅनडाची मॅगी मॅक नील २०१९ ची विश्वविजेती होती खरी, पण ५० मीटरच्या भिंतीला ती आठ जणींत सातवी पोचली. पहिल्यांदा पाहताना मी तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही.

निकाल असा लागला. मॅक नील ५५.५९, झांग ५५.६४, मॅककिऑन ५५.७२, हस्की ५५.७३.

हे आकडे वहीत लिहून मी साधे गणित केले. १०० मीटर ५५.५९ सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण १.८ मीटर. तर मग सेकंदाच्या शंभराव्या भागात किती? १.८ सेंटिमीटर. आपल्या एका बोटाची रुंदी. मॅक नील आणि झांग यांच्यातले ०.०५ सेकंद म्हणजे नऊ सेंटिमीटर, पंजाच्या रुंदीएवढे. पहिली आणि चौथी यांच्यात ०.१४ सेकंद, म्हणजे जेमतेम २५ सेंटिमीटर. शंभर मीटर पोहून चौघी एका वीतभर जागेत आल्या आणि चौथीला काही मिळाले नाही. हस्की आणि कांस्यपदक यांच्यामध्ये एक बोट होते.

आता सातव्या जागेवरून पहिली कशी आली? याचे उत्तर पाण्याखाली आहे, म्हणून ते सहज दिसत नाही. पोहणारा सगळ्यात वेगात असतो तो सूर मारल्यावर आणि भिंतीला पाय मारून निघाल्यावर. पाण्याच्या पृष्ठभागावर अंगाभोवती लाटा उठतात आणि त्या लाटा उठवण्यात ताकद वाया जाते. थोडे खाली गेले की हा तोटा कमी होतो. तिथे हात पुढे ताणून, दोन्ही पाय जोडून माशासारखी कंबर हलवत जायचे. यालाच आपण डॉल्फिन किक म्हणतो. चांगल्या खेळाडूची ही किक तिच्या वरच्या पोहण्यापेक्षा वेगवान असते. मॅक नीलची खरी ताकद हीच. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला २५ मीटरच्या तलावात तिने हेच अंतर ५४.०५ सेकंदांत पोहून त्या तलावाचा विश्वविक्रम केला. तिथे शंभर मीटरला एकाऐवजी तीन वळणे येतात. भिंती जितक्या जास्त, तितका तिचा फायदा.

इथे माझे थोडे सांगते. मी पोहायला शिकले ते सातारा जिल्ह्यात, आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. मामा वरून ओरडायचा, "हात मार, हात मार!" विहिरीत पोहणाऱ्याला भिंत म्हणजे धरून दम खायची जागा. शाळेत येऊन दोन वर्षे झाली तरी वळणावर माझे डोके आपोआप वर येते आणि एक श्वास जास्त घेतला जातो. सर म्हणतात, तुझी विहीर अजून गेली नाही.

तर मग सगळे अंतर पाण्याखालूनच का जात नाहीत? जात होते. अमेरिकेची मिस्टी हायमन ही पाण्याखाली कुशीवर वळून लांबच लांब किक मारत जाण्याबद्दल प्रसिद्ध होती. १९९८ मध्ये नियम आला की बटरफ्लायमध्येही सूर आणि वळण यांनंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे. हायमनचे हत्यारच काढून घेतल्यासारखे झाले. तरीही २००० मध्ये सिडनीला तिने २०० मीटर बटरफ्लायमध्ये गतविजेत्या सुझी ओ'नीलला तिच्याच देशात हरवले. ही शर्यत मी अजून पाहिलेली नाही, पण यादीत आहे.

एकूण हा प्रकार तसा नवाच. आधी ब्रेस्टस्ट्रोक पोहणारेच नियमातली फट शोधून हात पाण्यावरून पुढे टाकू लागले होते. १९५२ च्या ऑलिंपिकनंतर दोन्ही प्रकार वेगळे झाले. १९५६ मध्ये मेलबर्नला महिलांची १०० मीटर बटरफ्लाय शर्यत पहिल्यांदा झाली, ती अमेरिकेच्या शेली मॅनने १ मिनिट ११ सेकंदांत जिंकली. टोकियोच्या चौथ्या क्रमांकापेक्षा पंधरा सेकंद जास्त.

वळणानंतर येतो तो दमाचा भाग. बटरफ्लायमध्ये दमणे लपत नाही. फ्रीस्टाईलमध्ये एक हात ओढत असतो तेव्हा दुसरा पुढे जात असतो, त्यामुळे वेग बराचसा एकसारखा राहतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम ओढतात आणि एकदमच हवेत असतात. म्हणजे प्रत्येक हाताला वेग वाढतो आणि पुन्हा पडतो. दमल्यावर कंबर खाली जाते, हात पाण्यातून नीट सुटत नाहीत आणि वेग पडतो तो जास्तच पडतो. पहिल्या ५० मीटरला जोर लावणाऱ्याला परतीच्या वाटेवर त्याची परतफेड करावी लागते. हस्की सुरुवातीपासून पुढच्या मुलींत होती. मॅक नीलने पहिला अर्धा भाग राखून काढला, आणि परत येताना एकेकीला मागे टाकत आली.

आणि आता ती शेवटची भिंत, जिच्यासाठी सरांनी मला हे दाखवले.

नियम असा की बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. फ्रीस्टाईलवाला कोणत्याही क्षणी एक हात पुढे फेकू शकतो. बटरफ्लायमध्ये ती सोय नाही. शेवटचा हात संपला आणि भिंत अजून अर्ध्या हातावर असेल, तर दोनच वाटा उरतात. हात पुढे ताणून सरकत जायचे, किंवा आणखी एक घाईचा, आखूड हात मारायचा. सरकताना वाटते की आपण पोचतच आहोत, पण पाणी प्रत्येक क्षणी वेग खात असते. वेग जितका जास्त तितकी पाण्याची अडवणूक जास्त, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सर्वांत वेगात असतो तेव्हाच सरकणे सर्वांत महाग पडते. उलट, भिंत अगदी जवळ असताना जास्तीचा हात मारला, तर हात हवेतच राहतात आणि तेवढ्यात शेजारची मुलगी भिंत दाबून जाते.

याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण पुरुषांचे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता आणि तो सरकत गेला. मायकेल फेल्प्सने शेवटी अर्धा हात जास्त मारला. ५०.५८ आणि ५०.५९. पुन्हा एक बोट.

ही निवड भिंतीजवळ येऊन करता येत नाही, कारण तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हे खेळाडू सरावात हात मोजतात, आणि भिंत अर्ध्या हातावर येणारच नाही अशा बेताने आधीचे चार-पाच हात थोडे लांब किंवा आखूड करतात. मी आजवर कधी मोजले नव्हते. सरांनी विचारले तेव्हा मला माझा आकडा सांगता आला नाही.

माझ्या तक्रारीबद्दलही थोडे वाचले. माणसाने डोळ्यांनी पाहून बटण दाबायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, आणि तो प्रत्येकाचा सारखा नसतो. १९६० मध्ये रोमला पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये अमेरिकेच्या लान्स लार्सनची घड्याळे कमी वेळ दाखवत होती, तरी सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटला दिले गेले. अशा वादांनंतर भिंतीवर टचपॅड आले. ते लाटेने चालत नाहीत, हाताने नीट दाबावे लागतात. १९७२ मध्ये म्युनिकला एका शर्यतीचा निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात लावला गेला. पुढे ते बंद केले, कारण हजारावा भाग म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा कमी अंतर, आणि तलावाच्या दोन लेनच्या लांबीत तेवढा फरक बांधकामातच राहू शकतो. म्हणून आता शतांशापर्यंत वेळ सारखी असली तर पदक दोघींना मिळते. रिओला १०० मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्ण सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक या दोघींनी ५२.७० सेकंदांत वाटून घेतले. हा नियम आपल्या शाळेत लावा असे मी सरांना सुचवले. ते फक्त हसले.

टोकियोला निकाल लागला तेव्हा तो सर्वांत शेवटी कळला बहुधा विजेतीलाच. मॅक नीलला दूरचे नीट दिसत नाही, आणि पोहताना चष्मा नसतो. ती डोळे बारीक करून फलकाकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा बदलला. तो क्षण मी चारही वेळा पाहिला. कॅनडाचे त्या ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्ण होते.

पण मला जास्त लक्षात राहिली ती हस्की. मॅककिऑनने टोकियोत एकूण सात पदके जिंकली, त्यांतले एक त्या एका बोटाने मिळालेले. हस्कीला या शर्यतीत काहीच नाही. पुढच्या वर्षी बुडापेस्टला ती विश्वविजेती झाली. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या अंतिम फेरीत तिच्यापुढे तिच्याच देशाची ग्रेचेन वॉल्श होती. विश्वविक्रम आता वॉल्शचा होता, ५५.१८. वळणाला वॉल्शच पुढे होती. शेवटी हस्की ५५.५९, वॉल्श ५५.६३. चार बोटे. झांगला कांस्य, आणि टोकियोची विजेती मॅक नील पाचवी. वॉल्शने २०२५ मध्ये विश्वविक्रम ५४.६० वर नेला.

हस्कीची ५५.५९ ही वेळ पुन्हा वर जाऊन बघा. तीन वर्षांपूर्वी ज्या शर्यतीत ती चौथी आली, ती मॅक नीलने याच वेळेत जिंकली होती.

यंदाची आंतर-हाऊस स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. मी रोज सकाळी पी.टी.नंतर हात मोजते. जाताना नऊ होतात, ते पक्के आहेत. येताना अकरा, पण दमले की साडेअकरा. त्या अर्ध्याचे काय करायचे हे अजून ठरलेले नाही. सर म्हणतात, वळणानंतर दोन किक जास्त मार, मग अकराच होतील. मामाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, "डबा बांध."