पाणी उडते, जंतू उडत नाहीत
कुत्र्यांच्या सुक्या कच्च्या मांसाचा धंदा : नफा कोठे, धोका कोठे?

मटण-चिकनच्या दुकानात सर्वांत स्वस्त जाणारा माल कोणता, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. कलेजीचे तुकडे, पेटा, दिल, फेफडे, वजडी, कोंबडीच्या माना. गिऱ्हाईक मिळाले तर ठीक, नाही तर संध्याकाळी मिळेल त्या भावात द्यायचा. हाच माल अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये गोठवून सुकवला जातो, लहान लहान पिशव्यांत भरला जातो आणि कुत्री पाळणारी मंडळी तो चढ्या भावाने घेऊन जातात. आता मुंबई-पुण्याच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतही अशा पिशव्या टांगलेल्या दिसतात. त्यावर लिहिलेले असते : फ्रीज-ड्राइड.

साहजिकच प्रश्न पडतो की, कच्चा माल आपल्याकडे, कापण्याचे कसब आपल्याकडे, मग हा धंदा आपण का करू नये? करण्यास हरकत नाही. पण मशीन घेण्यापूर्वी हा माल म्हणजे नेमके काय, तो कुत्र्याला किती द्यायचा असतो आणि त्यात धोका कोठे आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्यांचे फक्त दुकान आहे आणि जे तयार पिशव्या विकणार आहेत, त्यांनाही ही माहिती तितकीच आवश्यक आहे.

मांस सुकते कसे?

कोकणात सोडे आणि बोंबील उन्हात सुकवतात. महुव्याचा कांदा गरम हवेने सुकवतात. या दोन्ही पद्धतींत उष्णता लागते; माल आकसतो, कडक होतो आणि त्याचा रंग व वास बदलतो.

फ्रीज-ड्राय पद्धत याच्या उलट आहे. मांस आधी उणे 30 ते 40 अंशांपर्यंत घट्ट गोठवतात. मग ते बंद पेटीत ठेवून पंपाने आतली हवा काढून घेतात. हवेचा दाब सुमारे 6 मिलिबारच्या खाली गेला की पाण्याचा स्वभाव बदलतो. बर्फ वितळून पाणी होत नाही. बर्फाची थेट वाफ होते. ही वाफ पेटीतील अतिथंड नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते. बर्फ उडत राहावा म्हणून तबकांना हळूहळू थोडी ऊब देतात. एक घाणा निघण्यास साधारण एक दिवस ते दीड दिवस लागतो.

मांसात सुमारे 70 ते 75 टक्के पाणी असते. या प्रक्रियेनंतर ते जेमतेम 4-5 टक्के उरते. तुकड्याचा आकार तोच राहतो, पण तो स्पंजासारखा हलका होतो. पाण्यात टाकला की काही मिनिटांत पुन्हा कच्च्या मांसासारखा मऊ होतो. कुत्र्याला त्याचा वास फार आवडतो. कोरडे तयार खाद्य नाकाने बाजूला सारणारे कुत्रे, त्यावर हा चुरा भुरभुरला की ताट चाटून पुसून टाकते. मालक पैसे देतो ते याचसाठी.

हा बाजार उभा कसा राहिला?

कुत्र्याला कच्चे मांस व हाडे द्यावीत, हा विचार ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी 1993 साली पुस्तक लिहून लोकांपुढे मांडला. पण घरात रोज कच्चे मांस हाताळणे, ते फ्रीजरमध्ये ठेवणे हे शहरातील कुटुंबाला जड जाते. सुकवलेल्या मालाने ती अडचण दूर केली. 2003 साली मेरी मूडी या बाईंनी अमेरिकेत 'स्टेला अँड च्युईज' ही कंपनी काढली. आज तिचा कारखाना विस्कॉन्सिन राज्यात आहे. न्यूझीलंडच्या कंपन्यांनी तेथील मेंढीचे मांस, हिरव्या कडांच्या शिंपल्या आणि वजडी या मार्गाने जगभर पोहोचवली. मोठ्या भांडवलाचे लक्षही पाळीव प्राण्यांच्या खाद्याकडे वळले. जनरल मिल्स या अमेरिकी अन्नकंपनीने 2018 साली 'ब्लू बफेलो' ही कंपनी सुमारे 8 अब्ज डॉलरला विकत घेतली. आपल्याकडे म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत नाव असलेला मुंबईचा अल्लाना समूहही पाळीव प्राण्यांच्या खाद्यात उतरला आहे.

जेवण की वरची चव?

पिशवीवर दोन प्रकारचा मजकूर असू शकतो आणि दुकानदाराने तो वाचायला शिकलेच पाहिजे. पहिला प्रकार म्हणजे 'संपूर्ण व संतुलित आहार'. याचा अर्थ एवढेच खाऊनही कुत्र्याची गरज भागते, असा कंपनीचा दावा आहे. दुसरा प्रकार म्हणजे 'अधूनमधून देण्यासाठी' किंवा 'पूरक'. नुसती कलेजी, नुसते दिल, नुसते चिकन सुकवून भरलेल्या बहुतेक पिशव्या या दुसऱ्या प्रकारात येतात. त्या खाऊ म्हणून किंवा जेवणावर भुरभुरण्यासाठीच असतात.

हा फरक का महत्त्वाचा? नुसत्या मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या पिल्लाला मांसावरच ठेवले तर त्याची हाडे कमकुवत होतात. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते की, रोज जास्त दिल्यास तेही अंगावर येते. म्हणून पशुवैद्यांचा साधा नियम असा की, खाऊ आणि वरची भर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये.

हिशेब करून पाहू. 10 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 500 ते 600 किलोकॅलरी लागतात. त्याचे 10 टक्के म्हणजे 50 ते 60. सुकवलेल्या कलेजीच्या एका ग्रॅममध्ये चारच्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसाला 12 ते 15 ग्रॅम पुरे झाले. माल हलका असल्याने मूठभर दिले तरी मालकाला ते थोडे वाटते, पण त्या मुठीत तिप्पट-चौपट ओल्या कलेजीचा ऐवज असतो. ही एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा दुकानदार पिशव्या कदाचित कमी विकेल, पण त्याचे गिऱ्हाईक टिकेल.

खरा धोका

आता मुद्द्याची गोष्ट. पाहणाऱ्याला वाटते की सुकले म्हणजे शुद्ध झाले. तसे नाही. या प्रक्रियेत मांस शिजत नाही. पाणी नसल्याने जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. प्रयोगशाळेत जंतू आणि लसी वर्षानुवर्षे जिवंत ठेवायच्या असतात तेव्हा हीच पद्धत वापरतात! ज्या मशीनने लस टिकते, त्याच मशीनने कलेजीवरचा साल्मोनेलाही टिकतो. मालक पिशवीत पाणी घालतो तेव्हा तो पुन्हा वाढू लागतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2010 ते जुलै 2012 या काळात पाळीव प्राण्यांच्या खाद्याची तपासणी केली. कच्च्या खाद्याच्या 196 नमुन्यांपैकी 15 नमुन्यांत साल्मोनेला आणि 32 नमुन्यांत लिस्टेरिया सापडला. ते नमुने गोठवलेल्या मालाचे होते. परंतु गोठवलेला माल सुकवला म्हणून तो निर्जंतुक होत नाही, हे वर आलेच आहे. 2012 सालीच अमेरिकेच्या पशुवैद्यांच्या संघटनेने कुत्र्या-मांजरांना प्रक्रिया न केलेले कच्चे मांस देऊ नये, असे धोरण जाहीर केले. डिसेंबर 2024 मध्ये ऑरेगन राज्यात टर्कीचे कच्चे गोठवलेले खाद्य खाऊन एक मांजर बर्ड फ्लूने मेले आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. कच्चे मांस वापरणाऱ्या कारखान्यांनी या रोगाचाही विचार करून आपली सुरक्षेची व्यवस्था पुन्हा तपासावी, असे जानेवारी 2025 मध्ये त्यांना बजावण्यात आले.

कुत्रा स्वतः अनेकदा आजारी पडत नाही. पण तो तोच माल खातो, घरातील मुलाचा हात चाटतो आणि अंगणात घाण करतो. मालक त्याच हातांनी भाकरी मोडतो. लहान मूल, म्हातारे माणूस, गरोदर स्त्री आणि आजारी मनुष्य यांना हे जंतू महागात पडतात. 2019 साली अमेरिकेत कुत्र्यांना चघळायला दिल्या जाणाऱ्या डुकरांच्या सुक्या कानांमुळे 34 राज्यांत 154 माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली. खाल्ले कुत्र्याने, आजारी पडली माणसे.

चांगले कारखाने यावर उपाय करतात. माल सुकवण्यापूर्वी तो पिशवीत घालून पाण्याच्या टाकीत हवेच्या सुमारे सहा हजार पट दाबाखाली काही मिनिटे ठेवतात. त्याने बहुतेक जंतू मरतात आणि मांस शिजत नाही. पण हा दाब ओल्या मालावरच चालतो. सुकल्यावर दिला तर फार उपयोग होत नाही. अशी यंत्रणा लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यापेक्षा सोपा आणि प्रामाणिक उपाय म्हणजे माल आधी वाफवून नीट शिजवावा आणि मग सुकवावा. पिशवीवर 'कच्चे' ऐवजी 'शिजवून सुकवलेले' असे लिहावे. कुत्र्याला तेही तितकेच आवडते. शिजवल्यानंतर मात्र कच्च्या मालाची सुरी, तबक आणि हात त्याला लागता कामा नयेत.

नफ्याचे गणित

एक किलो सुका माल होण्यास सव्वातीन ते चार किलो ओला माल लागतो. समजा कलेजी 150 रुपये किलोने पडली, तर एका किलोमागे 500 ते 600 रुपये नुसत्या कच्च्या मालाचे झाले. पुढे शीतपेटी, पंप आणि ऊब देणारी तबके दिवसरात्र चालतात. त्यांची वीज धरा. मध्येच वीज गेली तर घाणा वितळतो आणि हातचा जातो. म्हणून जनरेटर धरा. ओलावा व हवा न शिरणारी, ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी आणि प्राणवायू शोषणारी पुडी यांचाही खर्च आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणची हवा अशी की, उघडी राहिलेली पिशवी पाहता पाहता ओलावा ओढते. चरबी सुकवली तरी खवट होतेच. म्हणून माल निवडताना चरबी काढून टाकावी लागते.

याच्या जोडीला प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी हवी. युरोपीय संघाचा नियम असा आहे की, कुत्र्यांच्या कच्च्या खाद्याचे पाच नमुने घ्यायचे आणि 25 ग्रॅमच्या एकाही नमुन्यात साल्मोनेला सापडता कामा नये. आपल्याकडे कोणी विचारले नाही तरी हीच फूटपट्टी लावावी.

निर्यात आणि कायदा

काही जण परदेशी बाजाराचे स्वप्न दाखवून मशीन गळ्यात मारतात. तेथे सावध राहावे. आपल्या देशात गुरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग अजून आहे. त्यामुळे अमेरिका आणि युरोपीय संघ आपले कच्चे म्हशीचे मांस घेत नाहीत. सुकवलेले पण न शिजवलेले मांस त्यांच्या दृष्टीने कच्चेच. भारतातून तिकडे कुत्र्यांसाठी जातात ती कातड्याची वगैरे चघळणी, आणि त्यांनाही उष्णतेची प्रक्रिया व सरकारी आरोग्य दाखला लागतो.

देशात विकायचे तर महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, हे ध्यानी ठेवावे. म्हशीचा माल असेल तर पिशवीवर मोघम 'बीफ' न लिहिता स्पष्ट 'म्हैस' लिहावे आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या व्याख्येत जनावरांचे खाद्य येत नाही. पण भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक ठरवून दिले आहे. ते मागवून वाचावे. मटणाच्या दुकानातच एका कोपऱ्यात हे काम सुरू करू नये. जागा, सुऱ्या, तबके सर्व वेगळे हवे.

आपल्या मनातील शंका

कुत्र्याच्या वस्तूंचा व्यवहार म्हटले की आपले काही बंधू अडखळतात. शिकारीसाठी आणि राखणीसाठी कुत्रा पाळण्यास आपल्याकडे मुभा आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. कोकणातील शाफई घरांत कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा, त्यातील एकदा मातीने, धुण्याची रीत आहे. माल जबीहाचा असावा. मेलेल्या जनावराच्या मांसाचा सौदा करू नये. बाकी शंका आपल्या आलिमांना विचारून घ्याव्यात.

मग करावे काय?

दुकानदाराने माल ठेवावा, पण पिशवीवरील मजकूर वाचून. दिवसाला किती द्यायचे ते सांगावे. हात व भांडी साबणाने धुण्याची, भिजवलेला माल उरल्यास टाकून देण्याची आणि घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असल्यास शिजवलेला माल घेण्याची सूचना द्यावी. ज्याला कारखाना काढायचा आहे त्याने आधी एखाद्या मशीनवाल्याकडून मजुरीवर दोन-चार घाणे सुकवून घ्यावेत, तपासून घ्यावेत, विकून पाहावेत आणि मगच कर्जाचा विचार करावा.

मशीन पैसे देऊन कोणालाही मिळते. ताजा माल त्याच दिवशी स्वच्छ करणे, जे शिजवले नाही त्याला शिजवलेले न म्हणणे आणि तपासणीत नापास झालेला घाणा नुकसान सोसून फेकून देणे, हे मात्र विकत मिळत नाही. या धंद्यात बरकत येईल ती यावरच.