हजार यार्डांची चांदमारी

भातकापणी उरकली की धसईच्या वेशीबाहेरची खाचरं रिकामी होतात. बांधावर उभं राहिलं की समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आणि त्यांच्यामागे सह्याद्रीची सलग भिंत. मध्ये धसकटं, एखादी उडवी, चार सागाची झाडं. 2016 च्या डिसेंबरात ‘कॅशलेस गाव’ म्हणून वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेलं हेच ते मुरबाड तालुक्यातलं धसई. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद असलेला माणूस इथे आला, तर हमखास मनात मोजू लागेल. हजार यार्ड म्हणजे 914 मीटर. सहज बसतील की!

बसतील, पण गोळी थांबणार कुठे?

नेमबाजीच्या जागेबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच. पॉइंट टू-टूची इवलीशी गोळी वर उडाली तर दीडेक किलोमीटर जाते. लष्करी 7.62 रायफलची चार किलोमीटरच्या आसपास. त्या टप्प्यात गुराखी आहे, लाकूडफाटा आणायला निघालेल्या कातकरी बाया आहेत, उन्हाळ्यात करवंदं काढणारी पोरं आहेत, गोरखगड चढायला देहरीच्या वाटेने निघालेले गडवाले आहेत. शहरातून आलेल्याला जो माळ ओसाड वाटतो, तो गावाच्या हिशेबात कुणाच्या ना कुणाच्या रोजच्या वापरातला असतो. शिवाय क्रीडेसाठी परवाना मिळाला म्हणून बंदूक कुठल्याही माळावर चालवता येत नाही. रेंज चालवायलाही 2016 च्या शस्त्र नियमांनुसार वेगळा परवाना लागतो. शेजारच्या शहापुरात तानसा अभयारण्य आहे, तिथे शस्त्र घेऊन पाऊल टाकायचं तर वनखात्याची परवानगी हवी.

अशा जागेला आपल्याकडे जुना शब्द आहे, चांदमारी. जुन्या पद्धतीच्या चांदमारीत निशाण्यांच्या मागे मातीचा उंच बांध असतो आणि पुढे खंदक. खंदकात बसलेली माणसं निशाणा वर करतात, गोळी लागली की खाली ओढतात, भोक चिकटवतात आणि काठीवरची तबकडी धरून गोळी कुठे लागली ते दाखवतात. लाल निशाण वर असेपर्यंत वाट बंद. हे सगळं उभारायला जमीन लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती शिस्त. आणि ती रोज लागते, स्पर्धेपुरती नाही.

आता थोडं गणित, कारण गंमत त्यातच आहे. 10 मीटर एअर रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, 300 मीटरवर 100 मिलिमीटरचं. म्हणजे 300 मीटरवरचं दहाचं वर्तुळ नेमबाजाच्या डोळ्याला 50 मीटरवरच्यापेक्षा मोठं दिसतं! मग लांबचा पल्ला अवघड का? वाऱ्यामुळे. हजार यार्डांवर 7.62 ची गोळी दीड सेकंदाहून जास्त वेळ हवेत असते. शंभर यार्डांवर बसवलेल्या नेमाने झाडली तर ती सुमारे दहा मीटर खाली जाते. हे खाली जाणं कोष्टकात सापडतं, वारा सापडत नाही. बंदुकीजवळ एक वारा, मध्ये दुसरा, निशाण्याशी तिसरा. छोटा निशाणा घरात लावून डोळा आणि बोट तयार होईल, गोळी न भरता चाप ओढण्याचा कोरडा सराव तर पलंगाशेजारीही होतो. पण वारा वाचायला उघडं मैदानच लागतं, आणि नेमकं तेच मिळत नाही.

मग धसईच्या पोराने जायचं कुठे? नवीन पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन. पुण्यात 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बालेवाडीत सराव करत पुढे आला. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने 451.4 गुणांनी कांस्य घेतलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तीही 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून झाडायच्या प्रकारात. आपल्या नागरी नेमबाजीची धाव साधारण या पन्नासाशी थांबते. ऑलिंपिकमध्येच रायफलला त्याहून लांबचा पल्ला नाही, मग रेंज तरी कोण बांधणार? घाटावर देवळालीला तोफखान्याची आणि अहिल्यानगरजवळ खारे कर्जुन्याला रणगाड्यांची सराव मैदानं आहेत, पण ती फौजेची. तीनशे मीटरचं खरं माहेरही महूची लष्करी निशाणेबाज तुकडीच. या बाबतीत विलायतेत बिस्लेचं मैदान 1890 पासून हजार यार्डांच्या स्पर्धा भरवतं आहे, याचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे 1951 मधले पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. मराठी घरातला, अहमदाबादचा गांधीवादी वकील बंदुकीच्या खेळाचा पालक झाला, हा योग मला फार आवडतो.

मुरबाडच्या मातीला बंदुकीचा आवाज नवा नाही म्हणा. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. इथे गोळीची आठवण काढताना माणसं आवाज खाली घेतात, आणि ते बरोबरच आहे.

पौषात म्हसा गावची जत्रा भरते. तिथे फुगे फोडायची बंदूक हातात घेतलेल्या किती पोरांनी धसई ओलांडून बाहेर कधी रेंज पाहिली असेल? पल्ला चार पावलांचा, माशी वाकडी, छरे मोजून दिलेले. पण फळ्याच्या मागे दुकानदाराने जाड पत्रा ठोकलेला असतो, आणि बाजूला दोरी बांधलेली, पोरं मध्ये येऊ नयेत म्हणून.