डिरेक्टरीनिहाय प्रवेशनियंत्रण

डिरेक्टरीनिहाय प्रवेशनियंत्रण : वेब सर्व्हरच्या सर्वसाधारण नियमांऐवजी एखाद्या डिरेक्टरीस व तिच्या पोटातील सर्व डिरेक्टऱ्यांस वेगळे नियम लावण्याची व्यवस्था. मागणी येताच संकेतस्थळाची पाने पाठविणाऱ्या प्रणालीस वेब सर्व्हर व फाइली ठेवण्याच्या कप्प्यास डिरेक्टरी म्हणतात. एका डिरेक्टरीत दुसरी अशी त्यांची रचना वृक्षासारखी असते. अपाची या सर्व्हरमध्ये ही व्यवस्था विशेष रूढ आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या महासंगणन केंद्रात तयार झालेल्या सर्व्हरमध्ये सुधारणा करून १९९५ मध्ये अपाची सिद्ध झाला व ही व्यवस्था त्याच्याकडे वारशाने आली.

गरज : एकाच सर्व्हरवर पुष्कळदा अनेक ग्राहकांची संकेतस्थळे असतात. मुख्य संरचना फाइल बदलण्याचा अधिकार व्यवस्थापकाखेरीज कोणासही देणे धोक्याचे असते. तथापि एखादा विभाग परवलीच्या शब्दाने बंद करणे, पानाचा पत्ता बदलणे यांसारखी कामे ग्राहकास स्वतः करता यावीत, म्हणून मर्यादित अधिकार खालच्या पातळीवर सोपविले जातात.

कार्यपद्धती : असे नियम ज्या साध्या मजकूर-फाइलीत लिहितात, तिचे रूढ नाव ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ असे आहे. मुख्य फाइल सर्व्हर सुरू होताना वाचली जाते. ही फाइल मात्र प्रत्येक मागणीच्या वेळी वाचली जात असल्याने तीतील बदल तत्काळ लागू होतो. मागितलेल्या फाइलीपर्यंतच्या मार्गावर जेथे जेथे ही मुभा असते, त्या प्रत्येक डिरेक्टरीत सर्व्हर वरून खाली तिचा शोध घेतो. परस्परविरोधी नियम आढळल्यास सामान्यतः खालच्या डिरेक्टरीतील नियम प्रभावी ठरतो. या वारंवार शोधामुळे सर्व्हरची गती काहीशी मंदावते.

कोणते अधिकार सोपवावयाचे, हे मुख्य फाइलीतील ‘अलाउओव्हरराइड’ या आज्ञेने ठरते. ‘ऑथकॉन्फिग’ म्हटल्यास केवळ ओळखपडताळणीचे नियम, ‘इंडेक्सेस’ म्हटल्यास फाइलींची यादी दाखविण्यासंबंधीचे नियम बदलता येतात. ‘ऑल’ने सर्व गटांस मुभा मिळते, तर ‘नन’ने कोणासही मिळत नाही.

धोके : परवानगी नसलेल्या गटातील आज्ञा फाइलीत आढळल्यास सर्व्हर सामान्यतः ५०० या क्रमांकाची त्रुटी दाखवितो व चूक लगेच लक्षात येते. ‘नन’ असताना मात्र फाइल मुळीच वाचली जात नाही आणि कोणतीही सूचनाही मिळत नाही. कुलूप लावले आहे असे मालकास वाटते. प्रत्यक्षात दार उघडेच असते. अपाचीच्या २.३.९ या आवृत्तीपासून ‘ऑल’ऐवजी ‘नन’ हे गृहीत मूल्य ठरविण्यात आले. फाइली चढविण्यासाठी वापरले जाणारे ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ हे साधन चढविलेल्या घातक फाइली सर्व्हरवर चालू नयेत यासाठी या फाइलीवरच विसंबून होते. मुभा गेल्यावर ते संरक्षण निष्प्रभ झाले. ही उणीव २०१८ मध्ये उघडकीस आली; तोवर त्या साधनाच्या आधारे इतर अनेक आज्ञावली तयार झाल्या होत्या. एंजिनएक्स हा सर्व्हर अशी फाइल वाचतच नाही; त्यामुळे संकेतस्थळ त्यावर हलविताना हे नियम मुख्य संरचनेत नव्याने लिहावे लागतात.

दक्षता : मुख्य फाइल ज्याच्या हाती आहे त्याने नियम तेथेच लिहिणे श्रेयस्कर असते, अन्यथा आवश्यक त्याच डिरेक्टरीस, आवश्यक त्याच गटाची मुभा द्यावी. फाइल वाचली जाते की नाही हे पाहण्यासाठी तीत तात्पुरता एखादा निरर्थक शब्द लिहितात. त्रुटी दिसल्यास फाइल वाचली जात आहे व पान पूर्ववत उघडल्यास ती दुर्लक्षित आहे, असे समजावे. परवलीच्या शब्दांची फाइल संकेतस्थळाच्या कक्षेबाहेर ठेवावी. साध्या पडताळणी पद्धतीत परवलीचा शब्द गुप्त लिपीत जात नसल्याने ती सांकेतिक जोडणीवरच, म्हणजे एचटीटीपीएसवर, वापरावी. शेवटी परवलीच्या शब्दाविना बाहेरून प्रवेशाचा प्रयत्न करून पाहणे, हीच नियंत्रणाची खरी कसोटी होय.