गतिरोधक नळी, लवचिक
मोटारगाडीच्या सांगाड्यावरील धातूची स्थिर नळी आणि वरखाली हालणारे चाक यांच्या दरम्यान गतिरोधक द्रव वाहून नेणाऱ्या, कापडाने बळकट केलेल्या रबरी नळीस लवचिक गतिरोधक नळी म्हणतात. मोटार दुरुस्तीच्या कारखान्यांत ती ‘होज पाइप’ या नावाने ओळखली जाते. चालकाने पेडल दाबले की, प्रधान सिलिंडरातील दट्ट्या द्रवावर दाब देतो. हा दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरापर्यंत पोहोचतो व तेथील दट्ट्ये गतिरोधक पट्टे डब्याच्या आतील पृष्ठावर दाबतात. पुढची चाके सुकाणूबरोबर वळतात व सर्वच चाके खाचखळग्यांत वरखाली होतात म्हणून तेथे धातूची नळी टिकत नाही. मागील आस अखंड असलेल्या ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांत बहुधा पुढे दोन व मागे एक अशा तीन लवचिक नळ्या असतात. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्यापूर्वीच बंद झाले होते. तथापि हौसेने जपलेल्या अशा गाड्या आजही रस्त्यावर दिसतात.

रचना : नळीचे तीन थर असतात. सर्वांत आतील थर द्रवाला दाद न देणाऱ्या संश्लिष्ट रबराचा असून त्याचे छिद्र सु. ३ मिमी. व्यासाचे असते. त्यावर धाग्यांच्या वेणीचे एक वा दोन थर असून दाब मुख्यत्वे तेच सोसतात. बाहेरील रबरी आवरण पाणी, चिखल व ऊन यांपासून वेणीचे रक्षण करते. दोन्ही टोकांस धातूच्या जोडण्या दाबून बसविलेल्या असतात.

बिघाड व त्याची कारणे : ऊन व हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होऊन त्यास तडे जातात. खनिज तेल लागल्यास ते फुगते. नळी चाकास वा सांगाड्यास घासली, तर आवरण झिजून वेणी उघडी पडते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा अतिवृष्टीचा प्रदेश व माण तालुक्याचा कोरडा, धुळीचा प्रदेश असे दोन्ही आहेत. सांगली जिल्ह्यातही कृष्णाकाठचा उसाचा चिखल आणि जत-आटपाडीकडील ऊन व खडी असा भेद आहे. दोन्हीकडे फिरणाऱ्या गाडीच्या नळ्यांवर भिन्न प्रकारचे आघात होतात.

घाटात या बिघाडाचे गांभीर्य वाढते. वाई व पाचगणी यांच्या उंचींत सु. ५५० मी. फरक धरल्यास, पसरणी घाट उतरणाऱ्या १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीची जी ऊर्जा नाहीशी व्हावी लागते, ती सु. १९ लि. पाणी २०° से. पासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास पुरेल. तिचा काही भाग एंजिन व हवेचा रोध शोषून घेतात. उरलेला भार गतिरोधकांवर पडतो. जुन्या अनेक गाड्यांत चारही चाकांना मिळून द्रवाचे एकच मंडल असते. त्यामुळे एक नळी फुटली, तरी चारही चाकांचे पायगतिरोधक एकदम निकामी होतात व चालकाच्या हाती केवळ हातगतिरोधक व खालचा गिअर उरतो.

तपासणी : गाडी सपाट जागी उभी करून चाकांस उटी लावावी आणि उचललेली गाडी नेहमी भक्कम घोड्यांवर टेकवावी, केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये. नळी पुसून हलकेच वाकवली असता तडे दिसतात. सहाय्यकास पेडल जोराने दाबून धरण्यास सांगून फुगवटा वा पाझर पाहावा. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून नळी कोठे घासते वा ताणली जाते काय, हेही पाहावे.

बाहेरून निर्दोष दिसणारी नळी आतून निकामी असू शकते. आतील थर सुजला वा त्याचा पापुद्रा सुटला, तर पेडलाच्या जोराने द्रव चाकाकडे जातो. परंतु परतीच्या स्प्रिंगचा जोर अल्प असल्याने तो मागे येत नाही. मग चाक जखडून तापते व गाडी त्या बाजूस ओढते. अशा वेळी नळीच्या अलीकडील धातूच्या नळीची जोडणी सैल करूनही चाक सुटले नाही, पण चाकाजवळील हवा काढण्याचे निपल सैल करताच सुटले, तर दोष लवचिक नळीतच आहे असे समजावे.

बदलण्याची रीत : जोडण्या घासून स्वच्छ कराव्यात. प्रथम सांगाड्याकडील टोकाशी नळीचा षट्कोनी भाग एका पान्याने धरून धातूच्या नळीचा नट दुसऱ्याने सोडवावा. नाहीतर धातूची नळी पिळवटून तुटते. त्यानंतर पकड काढून चाकाकडील टोक फिरवून सोडवावे. नवी नळी मूळ लांबीची व त्याच आट्यांची असावी. जोडणीत तांब्याची चकती असल्यास ती नवी घालावी. बसवताना आधी चाकाकडील टोक आवळावे, मग दुसरे. नळीला पीळ राहता कामा नये. एका आसावरील नळ्या जोडीनेच बदलणे इष्ट असते.

शेवटी प्रधान सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून प्रारंभ करून क्रमाने हवा काढतात. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून थोडीही हवा राहिल्यास पेडल मऊ लागते. निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचा, सीलबंद डब्यातील द्रवच वापरावा. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषतो व त्याचा उकळबिंदू उतरतो : डॉट ३ प्रतीच्या द्रवासाठी किमान मर्यादा कोरड्या स्थितीत २०५° से., तर ओलसर स्थितीत १४०° से. असते. त्यामुळे काढलेला द्रव पुन्हा भरू नये. हा द्रव रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. सर्व जोडण्या पेडल दाबून पुन्हा तपासाव्यात, मोकळ्या सपाट रस्त्यावर मंद गतीने चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच गाडी घाटात न्यावी.