जांभा आणि तणनाशक

मालवण-वेंगुर्ल्याच्या आंबा-काजू बागांत बेणणीला गडी मिळत नाहीत, मग पाठीवरच्या पंपात ग्लायफोसेट हे तणनाशक पडते. पानांतून ते मुळापर्यंत उतरते, तण पिवळे पडून वाळते. वाऱ्याने तुषार उडाले तर काजूचे कोवळे कलमही होरपळते.

जांभ्या मातीतले लोह-ॲल्युमिनियम हे रसायन घट्ट धरून ठेवतात. त्याचा जोर ओसरतो, पण ते लगेच नाहीसे होत नाही. तण मेल्यावर उघडी पडलेली उतारावरची माती मात्र पावसात थेट व्हाळात (ओढ्यात) जाते, आणि मोठे नुकसान तेच.

गंमत म्हणजे, नेरळच्या ‘सगुणा भात तंत्रा’त नांगरट टाळण्यासाठीच तणनाशक वापरतात, मुळे जमिनीतच कुजतात आणि गांडुळे वाढतात, असा तिथला अनुभव.

ऑक्टोबर २०२२च्या केंद्रीय अधिसूचनेने मात्र ग्लायफोसेटची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली होती.