अन्नजन्य ॲलर्जी व ॲनाफिलॅक्सिस : संशोधनाची वाटचाल आणि महाराष्ट्रीय आहार

बीजशब्द : अन्नजन्य ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस, प्रतिपिंड, हरभरा, शेंगदाणा, ॲड्रेनॅलिन

प्रस्तावना

जेवणानंतर अंगावर लाल गांधी उठल्या, की 'पित्त उठले' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमसुलाचे पाणी अंगाला लावावे व स्वस्थ पडून राहावे, हा त्यावरचा घरगुती उपाय. बहुतेक वेळा गांधी काही तासांत नाहीशा होतात आणि उपाय लागू पडल्याचे समाधान मिळते. परंतु त्याच गांधींबरोबर घसा आवळू लागला, आवाज बसला, धाप लागली किंवा भोवळ आली, तर ते पित्त नसून ॲनाफिलॅक्सिस ही जीवघेणी अवस्था असू शकते. अशा वेळी आमसुलात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. प्रस्तुत लेखात अन्नजन्य ॲलर्जीविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन महाराष्ट्रीय आहार व महाविद्यालयीन जीवन यांच्या संदर्भात त्याचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना व सीमारेषा

अन्नामुळे होणारा प्रत्येक त्रास ही ॲलर्जी नव्हे. उपवासाच्या दिवसांत भगर खाऊन अनेकांना एकाच वेळी उलट्या व चक्कर होते, ती विषबाधा होय. दूषित अन्न जो खाईल त्याला ती बाधते. दूध प्यायल्यावर पोट फुगणे हे बहुधा दुग्धशर्करा पचविणाऱ्या विकराच्या कमतरतेमुळे घडते. ॲलर्जीत मात्र अन्न निर्दोष असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याविरुद्ध आय.जी.ई. वर्गातील प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा शरीरात गेले, की या पेशी हिस्टामिन व अन्य द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. त्वचेवर गांधी उठतात, श्वासनलिका आकुंचन पावतात, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो. हा प्रकार सर्व शरीरभर व वेगाने झाला, की त्यास ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

संशोधनाची वाटचाल

या अवस्थेचा शोध काहीसा अनपेक्षितपणे लागला. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे सागरी प्राण्यांच्या विषाविरुद्ध कुत्र्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण करण्याच्या प्रयत्नात होते. पहिली मात्रा सहन केलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने थोड्याच वेळात दगावला. संरक्षणाच्या नेमका उलट परिणाम झाला, म्हणून १९०२ मध्ये त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द योजला. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला.

१९२१ मधील प्राउसनिट्झ व क्यूस्टनर यांचा प्रयोग अन्नजन्य ॲलर्जीच्या दृष्टीने निर्णायक ठरला. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचा रक्तद्रव प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. ॲलर्जीस कारण होणारे द्रव्य रक्तात असते, हे यावरून सिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे आय.जी.ई. होय, हे कळण्यास मात्र १९६६-६७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

हरभरा व शेंगदाणा

पाश्चात्त्य ग्रंथांत शेंगदाणा, दूध, अंडे यांची चर्चा विपुल आढळते. हरभऱ्याकडे लक्ष वेधण्याचे कार्य मुंबईतील संशोधकांनी केले. निफाडकर, पाटील व बापट यांनी हरभऱ्यामुळे उद्भवलेल्या ॲनाफिलॅक्सिसची नोंद १९९७ मध्ये 'ॲलर्जी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. याच गटाने २००१ मध्ये हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक अन्नघटक असल्याचे रुग्णतपासणी व प्रथिनांचे पृथक्करण यांच्या आधारे मांडले. पिठले, झुणका, भजी, पुरणपोळी अशा नाना रूपांनी हरभरा आपल्या ताटात येतो. त्यामुळे तो टाळणे सांगण्याइतके सोपे नाही.

शेंगदाण्याची स्थिती याहून वेगळी आहे. लोणावळ्याची चिक्की, साबुदाण्याची खिचडी, कोशिंबिरीतील कूट, उकडलेल्या ओल्या शेंगा ही मावळातील नित्याची खाद्ये आहेत. भाजण्याने शेंगदाण्यातील प्रथिनांचे आय.जी.ई.शी बंधन वाढते, तर उकडण्याने ते घटते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. शेंगदाणा लहानपणी लवकर खाऊ घालण्याचा परिणाम ब्रिटनमधील गिडियन लॅक यांच्या गटाने अभ्यासला. त्यांच्या २०१५ च्या चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० अर्भके होती. शेंगदाणा कटाक्षाने टाळलेल्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी आढळली. नियमित खाऊ घातलेल्या गटात हे प्रमाण ३.२ टक्के होते. टाळण्याने संरक्षण मिळते, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. तथापि, एवढ्यावरून आपला आहार सरसकट संरक्षक मानणे शास्त्रीय ठरणार नाही.

निदानातील दोन चुका

बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २६.५ टक्के व्यक्तींच्या रक्तात किमान एका अन्नपदार्थाविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. संभाव्य ॲलर्जी मात्र केवळ १.२ टक्के व्यक्तींत होती. या तफावतीचा अर्थ गंभीर आहे. रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे ॲलर्जी झाली, असे नव्हे. केवळ रक्ततपासणीच्या आधारे पदार्थांची लांबलचक यादी वर्ज्य करणारी व्यक्ती विनाकारण पोषणास मुकते. लक्षणांचा पूर्वेतिहास, त्वचाचाचणी आणि आवश्यक तेव्हा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून पाहणे, हाच निदानाचा योग्य क्रम होय. 'पित्त' म्हणून दुर्लक्ष करणे ही एक चूक, तर तपासणीच्या कागदावर विसंबून अन्न सोडणे ही दुसरी.

उपचार आणि वेळ

ॲनाफिलॅक्सिसवरील पहिले औषध ॲड्रेनॅलिन हेच आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचतात. मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम व प्रौढांसाठी कमाल ०.५ मिलिग्रॅम असते; सुधारणा न झाल्यास ५ ते १५ मिनिटांनी ती पुन्हा देता येते. हिस्टामिनरोधक गोळीने खाज शमते, परंतु आवळलेला घसा मोकळा होत नाही की घसरलेला रक्तदाब सावरत नाही. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असल्यास बसू द्यावे, परंतु एकाएकी उभे करू नये. ब्रिटनमधील मृत्यूंचा अभ्यास करून पम्फ्री यांनी २००० मध्ये दाखविले, की अन्नामुळे झालेल्या प्रसंगांत श्वसन वा हृदयक्रिया बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ ३० मिनिटांचा होता. आंदर मावळ वा पवन मावळातील वाडीहून तळेगावच्या रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा विचार या आकड्यासमोर ठेवून करावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. तिला पहिल्या मिनिटात पाचारण करणे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघणे यांस पर्याय नाही.

महाविद्यालयांपुढील कार्य

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, सोयाबीन व ठरावीक मर्यादेवरील सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर आवश्यक ठरला. या यादीत हरभरा नाही. संक्रांतीला घरोघरी वाटला जाणारा तीळही नाही. शिवाय उपाहारगृहातील वडा किंवा खानावळीतील आमटी यांना वेष्टनच नसते. म्हणून प्रवेश अर्जात ॲलर्जीविषयी स्वतंत्र रकाना असावा. उपाहारगृहात पदार्थाच्या नावासोबत बेसन, शेंगदाणा, तीळ, दूध यांची नोंद फलकावर असावी. शैक्षणिक सहली व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांपूर्वी ही माहिती प्रमुख प्राध्यापकांकडे असावी. ज्या विद्यार्थ्यास पूर्वी तीव्र त्रास झाला आहे, त्याच्यासाठी डॉक्टरांची लेखी सूचना सोबत ठेवावी.

निष्कर्ष

१) अन्नजन्य ॲलर्जी, विषबाधा व अपचन यांत मूलभूत भेद आहे.
२) भारतीय आहारातील हरभऱ्यासारख्या घटकांची दखल भारतीय संशोधनानेच घेतली, पाश्चात्त्य याद्या येथे अपुऱ्या पडतात.
३) रक्ततपासणी हे निदानाचे एक साधन आहे, अंतिम निर्णय नव्हे.
४) गांधींसोबत श्वास वा शुद्धीवर परिणाम दिसल्यास ॲड्रेनॅलिन मिळणाऱ्या ठिकाणी विनाविलंब पोहोचणे हाच जीव वाचविण्याचा मार्ग आहे.

एखाद्या वर्गात असा विद्यार्थी एकच असेल, कदाचित एकही नसेल. तथापि तो असल्यास, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकास पित्त आणि ॲनाफिलॅक्सिस यांतील फरक ठाऊक असणे, यावर त्याचे प्राण अवलंबून राहतील.